पानझडी अरण्यातील वसंत : नागझिरा अभयारण्याच्या संदर्भात एक विवेचन

प्रास्ताविक :

नागपूर परिसरातील महाविद्यालयांच्या अभ्याससहली बहुधा हिवाळ्यात निघतात. स्नेहसंमेलने आटोपली की पेंच, ताडोबा, नवेगावबांध, नागझिरा यांपैकी एखादे ठिकाण निवडले जाते. फेब्रुवारी उजाडताच परीक्षांची चाहूल लागते आणि अरण्याचा विषय पुढील वर्षावर जातो. नेमक्या त्याच सुमारास, म्हणजे माघ अखेरीपासून चैत्र संपेपर्यंत, विदर्भातील पानझडी अरण्ये फुलावर येतात. एप्रिल-मे महिन्यांत जे पर्यटक जातात ते पाणवठ्यावर वाघ दिसेल या आशेने जातात. त्यामुळे अरण्याचा वसंत हा आपल्या अध्ययन-अध्यापनात जवळजवळ न पाहिला गेलेला ऋतू आहे, असे म्हणण्यास हरकत नाही.

प्रस्तुत लेखात या ऋतूचे विवेचन नागझिरा अभयारण्याच्या आधारे करण्याचा प्रयत्न केला आहे. वसंतातील फुले हे या अरण्यातील पशुपक्ष्यांचे वर्षातील सर्वांत टंचाईच्या काळातील अन्न आहे, आणि त्यांपैकी एका फुलावर, मोहावर, अरण्यालगतच्या माणसांचीही उपजीविका चालते. हे ध्यानात घेऊन पाहिले म्हणजे फुललेले झाड निराळे दिसू लागते, आणि दरवर्षी मार्च महिन्यात या भागात जे संघर्ष उद्भवतात त्यांचाही उलगडा होतो.

नागझिरा येथे १९७० मध्ये अभयारण्य घोषित झाले. त्याचे क्षेत्र सुमारे १५३ चौरस किलोमीटर आहे. डिसेंबर २०१३ मध्ये नवेगाव राष्ट्रीय उद्यान, नागझिरा आणि लगतची अभयारण्ये मिळून नवेगाव-नागझिरा हा राज्यातील पाचवा व्याघ्र प्रकल्प अस्तित्वात आला. नागपूरहून भंडारा, लाखनी मार्गे साकोली सुमारे शंभर किलोमीटर आहे. तेथून उत्तरेस वळले की पिटेझरीचे प्रवेशद्वार लागते. पिटेझरी, मंगेझरी, थाडेझरी ही परिसरातील गावांची नावे आणि स्वतः नागझिरा हे नाव, या सर्वांत झरा आहे. उन्हाळ्यात न आटणाऱ्या पाण्याच्या आधारानेच येथे माणूस आणि श्वापद दोघेही राहिले, ही गोष्ट या नावांतच नोंदलेली आहे.

'प्राचीन' या शब्दाची व्याप्ती :

इंग्लंडमध्ये 'प्राचीन वन' या संज्ञेला निश्चित अर्थ आहे. इसवी सन १६०० पासून जी जमीन अखंडपणे वनाखाली आहे तिला प्राचीन वन म्हटले जाते. स्कॉटलंडसाठी ही मर्यादा १७५० अशी धरतात. या व्याख्येत झाडांचे वय पाहिले जात नाही. झाडे तोडली गेली असतील, बुंध्यातून पुन्हा फुटली असतील. परंतु त्या मातीवर नांगर फिरला नाही, हे महत्त्वाचे. मातीचा थर, त्यातील कंद व बीजे अबाधित राहिल्यामुळे अशा वनांत वसंतात जमिनीवर निळ्या घंटाफुलांचे गालिचे पसरतात आणि ते पाहण्यास लोक आवर्जून जातात.

आपल्याकडे अशी कालमर्यादा आखलेली नाही, आणि आखणे सोपेही नाही. पूर्व विदर्भातील अरण्य हे गोंड राजवटीच्या काळापासून माणसांनी वावरलेले अरण्य आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर या पट्ट्यात कोहळी समाजाने सिंचनाचे तलाव बांधले. नवेगावबांधच्या तलावाशी कोलू पाटील कोहळी यांचे नाव परंपरेने जोडले जाते. अशा तलावाला पाणी पुरविणारे उतार जंगलाखाली असले तर तलाव गाळाने लवकर भरत नाही, हे बांधणाऱ्यांना निश्चितच ठाऊक असणार. ऐनाच्या झाडात बडादेवाचे स्थान मानणाऱ्या गोंड समाजाने काही झाडे श्रद्धेने राखली. पुढे ब्रिटिश काळात १८७८ च्या वन कायद्याने राखीव वनांची रीतसर आखणी झाली आणि त्याच सुमारास रेल्वेच्या स्लिपाटांसाठी मध्य प्रांतातील जंगलांवर कुऱ्हाडही चालली. म्हणजे हे अरण्य अस्पर्श कधीच नव्हते. ते जुने आहे ते माणसासह जुने आहे.

याची खूण शोधायची असेल तर ती मोहाच्या झाडांत सापडते. शेतीसाठी जंगल काढताना मोह तोडायचा नाही, हा मध्य भारतातील जुना रिवाज आहे. त्यामुळे अरण्यात एखाद्या मोकळ्या जागी घेरदार, जुने मोह, सोबत एखादी चिंच किंवा आंबा दिसला, तर तेथे पूर्वी वस्ती अथवा शेत असावे असा तर्क करता येतो. थाडेझरी गावाचे पुनर्वसन झाल्यानंतर तेथील शेतजमिनीवर आज कुरण आहे आणि तृणभक्षी प्राणी तेथे चरतात. गाव गेले, गावाने राखलेली झाडे मात्र उभी आहेत.

पानगळ आणि फुलोरा :

इंग्लंडमधील वनात वसंताची फुले जमिनीवर असतात, आपल्याकडे ती झाडांच्या शेंड्यावर असतात. या फरकाचे कारण पाहण्यासारखे आहे. तेथे टंचाई असते ती उजेडाची. ओक, बीच यांसारख्या वृक्षांना पालवी फुटून छत मिटण्यापूर्वी जे काही आठवडे सूर्यप्रकाश जमिनीपर्यंत पोहोचतो, तेवढ्यात खालच्या वनस्पती फुलून घेतात. आपल्याकडे टंचाई असते पाण्याची. गोंदिया-भंडारा परिसरात वर्षाकाठी सुमारे तेराशे मिलिमीटर पाऊस पडतो. परंतु त्यातील बहुतांश पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडून जातो. उरलेले आठ महिने झाडाला साठ्यावर काढावे लागतात. पानांतून होणारे बाष्पोत्सर्जन थांबविण्यासाठी झाड पाने टाकते, आणि खोडात व मुळांत राखलेल्या पाण्याच्या बळावर फुलते.

निष्पर्ण अवस्थेत फुलण्याचे लाभ अनेक आहेत. पाने नसल्यामुळे फुले दुरून दिसतात आणि परागीभवन करणारे पक्षी व कीटक सहज येतात. बीजे उन्हाळ्याच्या वाऱ्यात पक्व होतात. पहिला पाऊस पडेतो ती जमिनीवर पोहोचलेली असतात, म्हणजे रुजण्यास पूर्ण पावसाळा मिळतो. पळसाची चपटी शेंग हे याचे सोपे उदाहरण होय. तिच्या टोकाशी एकच बी असते आणि उरलेला भाग वाऱ्यावर तरंगण्यासाठी पंखासारखा असतो.

फुलण्याचा क्रमही ठरलेला आहे. प्रथम काटेसावर. माघात तिची मोठी, मांसल, लाल फुले उमलतात. पाठोपाठ पळस. साकोलीच्या वाटेवर धानाच्या बांध्यांच्या धुऱ्यांवर पळस इतके आहेत की अरण्य सुरू होण्यापूर्वीच वसंत सुरू होतो. पळसाच्या फुलाचा आकार पोपटाच्या चोचीसारखा. संस्कृतातील 'किंशुक' हे नाव त्यावरूनच आले. खडकाळ उतारांवर सोनसावर किंवा गणेर पिवळीधमक फुलते. या फुलात मध नसतो, फक्त पराग असतो. भुंग्यासारख्या मोठ्या मधमाश्या उड्डाणाच्या स्नायूंच्या कंपनाने तो झाडून घेतात. ओढ्यांच्या काठी धायटीची तांबडी झुडपे असतात. आसवे व अरिष्टे आंबविण्यासाठी आयुर्वेदात वापरली जाणारी धातकी ती हीच. फाल्गुन-चैत्रात मोह, आणि वैशाखाच्या उन्हात बहावा. यांत कुसुमाचे झाड नवख्याला चकविते: मार्चमध्ये ते लालभडक दिसते, पण ती फुले नसून कोवळी पालवी असते.

सागाच्या एकसुरी लागवडीत हा क्रम आढळत नाही. नागझिऱ्याचे वैशिष्ट्य असे की येथे ऐन, धावडा, बीजा, तेंदू, मोह, चार, हेदू, बांबू असे मिश्र वन आहे. झाडांची विविधता ही केवळ यादीची बाब नाही. एक झाड फुलून गेल्यावर दुसरे फुलते, आणि अन्नाची साखळी तुटत नाही.

फुलांवर जगणारे :

मार्च महिन्यात गवत वाळलेले असते, फळे अजून पिकलेली नसतात. चितळाला या काळात जमिनीवर काय मिळते? गळलेली सावरीची फुले, पळसाची फुले, आणि वर झाडावर बसून वानरांनी अर्धवट खाऊन टाकलेल्या डहाळ्या. वानर आणि चितळ यांच्या साहचर्याविषयी विद्यार्थी पुस्तकात वाचतात. ते प्रत्यक्ष पाहण्यास फुललेल्या सावरीखालची जागा उत्तम. सांबर, भेकर आणि चौसिंगाही गळलेल्या फुलांवर येतात.

पळसावर दिवसभर वर्दळ असते. शिंजीर, कोतवाल, बुलबुल, साळुंकी, हळद्या, खारी. या सर्वांत लक्षणीय पाहुणा म्हणजे गुलाबी मैना. मराठीत तिला भोरडी आणि पळसमैना अशी नावे आहेत. ती मध्य आशियात वीण घालते, पावसाळा सरताना आपल्याकडे येते आणि एप्रिलपर्यंत परतीच्या वाटेला लागते. परतीच्या त्या दीर्घ उड्डाणापूर्वी पळस आणि सावर यांच्या मधावर तिचे थवे तुटून पडतात. ज्याने कोणी तिला पळसमैना म्हटले त्याने तिचे निरीक्षण नीट केले होते.

अशा नावांची नोंद मराठीत झाली याचे मोठे श्रेय मारुती चितमपल्ली यांना द्यावे लागेल. वनखात्यातील सेवेत त्यांचा बराच काळ नवेगाव-नागझिरा परिसराशी संबंध आला. 'पक्षिकोश' हा त्यांच्या आयुष्यभराच्या शब्दसंग्रहाचा भाग होय. २००६ च्या सोलापूर येथील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी १८ जून रोजी त्यांचे निधन झाले. व्यंकटेश माडगूळकर यांच्या 'नागझिरा' या पुस्तकाने हे नाव विदर्भाबाहेरच्या वाचकांपर्यंत नेले. आपल्या मराठी विभागांनी ही पुस्तके हाती घेऊन अरण्यात जावे, असे सुचवावेसे वाटते. भूगोल आणि वनस्पतिशास्त्र यांची ती मक्तेदारी नव्हे.

एप्रिलमध्ये फुलांची जागा फळे घेतात. वड, उंबर आणि पिंपरी पिकतात. राखी धनेशाची मादी या काळात ढोलीत स्वतःला लिंपून घेऊन अंडी उबवीत असते आणि नर तिला फळे आणून भरवितो. हरियलांचे थवे उंबरावर येतात. मे महिन्यात चार आणि तेंदू पिकतो, त्यावर अस्वल जगते. पावसाच्या तोंडावर नवरंग येतो. तृणभक्षी या अन्नावर तगतात आणि त्यांच्यावर वाघ, बिबट व रानकुत्री. येथे व्याघ्रसंख्या वाढविण्यासाठी मे २०२३ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातून दोन वाघिणी आणून सोडण्यात आल्या. त्यांच्या भक्ष्याचा एक भाग सावरीच्या फुलांवर वाढलेला असतो.

भेटीविषयी काही विचार :

महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांसह केलेल्या एका सकाळच्या फेरीनंतर प्रस्तुत लेखकाने मुलांना काय पाहिले ते लिहून देण्यास सांगितले. पंचवीसपैकी बहुतेकांच्या कागदावर पहिले वाक्य 'काही दिसले नाही' असे होते. त्या फेरीत रानगव्यांचा कळप, पळसावर कळ्या खाणारी वानरे, शिंजिरांच्या दोन जाती आणि रस्त्यावर अस्वलाची ताजी विष्ठा, इतके दिसले होते. दोष विद्यार्थ्यांचा नव्हे. जिप्सीत बसविताना, वाटेत थांबताना आणि परतल्यावर त्यांना एकच प्रश्न विचारला जातो, आणि त्या प्रश्नाचे उत्तर होय किंवा नाही एवढेच असते.

या एकाच प्रश्नाचे टोक कोठे जाते ते ३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात दिसले. तेथे पर्यटकांच्या वाहनांनी एका वाघिणीला तिच्या पाच पिल्लांसह दोन्ही बाजूंनी अडविले. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने या प्रकाराची स्वतःहून दखल घेतली. ज्या वाघाने नागझिऱ्यात जन्म घेऊन उमरेड-कऱ्हांडल्यापर्यंत स्थलांतर केले आणि २०१६ पासून जो बेपत्ता झाला, त्या 'जय'च्या कीर्तीने हे अभयारण्य पर्यटकांना परिचित झाले होते, हेही येथे आठवते.

वसंतातील अभ्यासभेटीस फारशी साधने लागत नाहीत. अरण्याच्या मुख्य क्षेत्रात वाहनातून उतरण्यास मनाई असते आणि ती योग्यच आहे. परंतु पळस पाहण्यासाठी प्रवेशद्वाराच्या आत जावेच लागत नाही. गावाच्या धुऱ्यावरील एका फुललेल्या पळसासमोर सकाळी साडेसहा ते साडेसात असा एक तास विद्यार्थ्यांना बसवावे. कोणता पक्षी आला, किती वेळ थांबला, फुलाला चोच कोठून लावली, एवढे लिहावयास सांगावे. दरवर्षी त्याच झाडाचे पहिले फूल कोणत्या तारखेला उमलले, याची नोंद ठेवणाऱ्या महाविद्यालयाजवळ दहा वर्षांत हवामानबदलाविषयी स्वतःची सामग्री असेल. तिच्यासाठी अनुदान लागत नाही.

मोह : एक फूल, दोन दावेदार :

मोहाचे फूल इतर फुलांसारखे नाही. त्याचा गोड, रसदार पाकळीपुंज रात्रीतून गळतो आणि पहाटे झाडाखाली पांढुरका सडा पडलेला असतो. वाळलेल्या फुलाच्या वजनात निम्म्याहून अधिक साखर असते. रात्री फुलांवर वटवाघळे येतात. उरलेल्या सड्यावर पहाटेपूर्वी अस्वल, चितळ, सांबर, कोल्हा. आणि त्याच वेळी गावातून टोपल्या घेऊन माणसे निघतात, त्यांत बाया आणि वृद्ध अधिक. ऊन चढल्यावर फूल मलूल होते, गुरे तुडवितात, म्हणून पहाटेच जावे लागते. एका झाडाचा बहर काही आठवडेच टिकतो. मोहफुले ही भाकरीसोबतचे अन्न आहेत, दारू आहेत, आणि शेतीचे काम नसलेल्या महिन्यांत हाती येणारी रोकडही आहेत. पुढे पावसाळ्याच्या तोंडावर याच झाडाची फळे तेलासाठी गोळा केली जातात.

अस्वल आणि माणूस एकाच वेळी एकाच झाडाखाली येतात, याचा परिणाम सर्वांना ठाऊक आहे. पूर्व विदर्भातील वर्तमानपत्रांत मार्च-एप्रिलमध्ये मोह वेचताना झालेल्या हल्ल्यांच्या बातम्या दरवर्षी येतात. वाकून वेचणाऱ्या माणसाची आकृती अंधुक उजेडात वाघाला चतुष्पादासारखी भासते, असे वनखात्यातील अनुभवी लोक सांगतात. तेंदूपानांच्या हंगामातही धोका तोच. १० मे २०२५ रोजी चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडण्यास गेलेल्या तीन स्त्रियांचा वाघाच्या हल्ल्यात मृत्यू झाला.

कायद्याच्या दृष्टीनेही हे झाड दुहेरी आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ हा अभयारण्यातून वनोपज नेण्यावर मर्यादा घालतो. वनहक्क अधिनियम २००६ हा गौण वनोपजावरील वननिवासींचा हक्क मान्य करतो. मोहफुलांचा साठा व वाहतूक यांवर मद्यनिषेधाच्या अनुषंगाने दीर्घकाळ निर्बंध होते. ते राज्य शासनाने २०२१ मध्ये शिथिल केले. त्यामुळे फुलाला बाजार मोकळा झाला, आणि अधिक फुले वेचण्याचे प्रलोभनही वाढले. मोह वेचणे बंद करावे असे शहरात बसून म्हणणे सोपे आहे. ज्यांच्या पूर्वजांनी ती झाडे राखली त्यांनाच झाडाखाली येण्यास मनाई करणे प्रस्तुत लेखकास न्याय्य वाटत नाही. मात्र अरण्याच्या गाभ्यातील मोह श्वापदांसाठी सोडावा आणि गावालगतचे मोह गावाचे असावेत, ही विभागणी व्यवहार्य आहे. लोकांनी गटाने आणि उजाडल्यावर जावे, हा वनखात्याचा आग्रहही रास्त आहे. त्यात काही फुले हातची जातात, हे मान्य करूनच तो धरावा लागेल.

वादाचा खरा मुद्दा आगीचा आहे. फूल पाचोळ्यात पडले तर वेचता येत नाही, म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवून जागा साफ करण्याची जुनी पद्धत आहे. फेब्रुवारीच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत आगीचा हंगाम मानला जातो. तो सुरू होण्यापूर्वी वनखाते जाळरेषा काढते. परंतु मोहाखालची ठिणगी जाळरेषेच्या आत असेल तर रेषेचा उपयोग होत नाही. जमिनीलगतची आग मोठे झाड मारीत नाही, ती रोपे आणि गळलेली बीजे मारते. म्हणजे पुढच्या पिढीचा मोहच उगवत नाही. एप्रिल २०२१ मध्ये नागझिऱ्यात वणवा विझविताना तीन हंगामी वनमजुरांना प्राण गमवावे लागले. ही माणसे याच परिसरातील होती.

यावर उपाय साधा आहे आणि काही गावांत तो अमलातही आला आहे. पाचोळा पेटविण्याऐवजी हाताने लोटावा, आणि झाडाखाली जाळी, ताडपत्री किंवा जुनी लुगडी अंथरावीत. फूल मातीत मिसळत नाही, स्वच्छ राहते, त्याला भाव अधिक मिळतो आणि वेचण्यास वाकून बसावे लागणारा वेळही कमी होतो. अडचण इतकीच की एका कुटुंबाकडे दहा-बारा झाडे असतात आणि तेवढ्या जाळ्यांचा खर्च त्यांना एकदम झेपत नाही. मार्चअखेरीस या भागात जाणाऱ्या अभ्यासगटाने मोहाखालचे काळे वर्तुळ आणि अंथरलेली जाळी या दोन्ही गोष्टी विद्यार्थ्यांना दाखवाव्यात, आणि वेचणाऱ्यांशी बोलावे. त्यासाठी सकाळची सफारी सोडून द्यावी लागेल, कारण दहाच्या पुढे फुले अंगणात वाळत पडलेली असतात आणि वेचणाऱ्या बाया इतर कामाला लागलेल्या असतात.